दीडशे रुपयांचा उजेड

यंदाच्या अंकाचा विषय ‘रात्र’ असा मुक्रर करून संपादकांनी लेखकांकडे पत्रे धाडली, तेव्हा चंद्र, निद्रा, रात्रीचे राग असे भारदस्त विषय इतरांच्या वाट्याला गेले आणि माझ्या पत्रात ‘स्वस्त विजेऱ्यांची पाहणी करा, पण ती दुकानाबरोबर वापरणाऱ्याच्या हातातही करा’ एवढाच त्रोटक हुकूम निघाला. विषय प्रथमदर्शनी क्षुद्र वाटला हे खरे. परंतु ज्या प्रांतात शेतीपंपांची वीज वेळापत्रकाप्रमाणे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री सोडण्याची वहिवाट पडून गेली आहे, आणि रात्रीची पाळी आली की असंख्य माणसे अंथरुणावरून उठून उसाला दारे धरायला जातात, त्या प्रांतात शे-दीडशे रुपयांची विजेरी ही चैनीची चीज नसून फावड्या-कुदळीच्या पंक्तीला बसणारे अवजार आहे, हे जुन्नर तालुक्यात एक रात्र काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनीची योजना सरकारने जाहीर केली आणि काही गावांना तिचा लाभही झाला. तरी अद्याप पुष्कळांची मोटर रात्रीच चालते. सबब आधी पुण्याचा बाजार आणि मग नारायणगावाच्या आसपासचे बांध, असा क्रम मी ठरवला. पाचशे रुपयांच्या वरच्या जिन्नसाकडे पाहायचे नाही, एवढी एकच अट स्वतःला घालून घेतली.

दिवसाढवळ्या होणारी परीक्षा

बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही विजेच्या सामानाची पेठ. वायरींची भेंडोळी, पंख्यांची पाती, होल्डर, बटणे आणि दिव्यांच्या माळा यांनी गल्लीच्या दोन्ही बाजू अशा भरून गेलेल्या असतात की, मधून जाणाऱ्याला आपली पिशवी छातीशी धरूनच वाट काढावी लागते. येथील एका फळीपाशी मी बराच वेळ उभा राहिलो आणि विजेरी विकत घेण्याचा विधी न्याहाळला. गिऱ्हाईक येते, ‘बॅटरी दाखवा’ म्हणते. दुकानदार दोन-चार नग पुढे टाकतो, त्यांत स्वतःजवळचे ताजे सेल घालतो आणि बटण दाबून झोत समोरच्या भिंतीवर सोडतो. भर दुपारी भिंतीवर काय दिसणार? म्हणून गिऱ्हाईक विजेरी आपल्याच तोंडाकडे वळवते, दिव्यात डोकावते, डोळे मिटते, आणि अशा रीतीने खातरजमा झाल्यावर भावाची घासाघीस सुरू करते. ‘साहेब, डोळे दिपले की माणूस पैसे काढतो,’ दुकानदार मला हलक्या आवाजात म्हणाला. ‘ती किती वेळ चालणार, हे इथं उभं राहून कोण बघतंय?’

त्याच्या या उद्गारात या धंद्याचे सारे मर्म आले आहे. विजेरीची गरज पडते ती पहाटे तीनच्या सुमारास, अर्धे सेल खर्ची पडल्यावर, चिखलाच्या हातांत. आणि तिची पारख होते ती दुपारी तीनच्या सुमारास, ताज्या सेलांवर, क्षणभर. या दोन वेळांमध्ये जे अंतर आहे, त्याच अंतरावर निकृष्ट माल बनवणाऱ्याची उपजीविका चालते.

फळीवरच्या मालाचे ढोबळ चार वर्ग मला दिसले. पहिला, दोन मोठे सेल पोटात घेणारा प्लास्टिकचा दंडगोल, ज्यात जुन्या बल्बच्या जागी आता एकच एलईडी बसवलेला असतो. दुसरा, बोटभर लांबीची ॲल्युमिनियमची चकचकीत नळी, तोंडाशी नऊ बारीक दिवे आणि आत तीन बारके पेन्सिल सेल. तिसरा, पाठीमागून दोन पिना बाहेर सरकवून थेट भिंतीतल्या सॉकेटात खुपसायचा. आणि चौथा, पुढची काच मागेपुढे सरकवून झोत लहानमोठा करता येणारा, आत लिथियमचा सेल असलेला, जो सध्या सर्वांत जास्त खपतो आणि ज्याच्या खोक्यावर सर्वांत जास्त असत्य छापलेले असते.

दोन सेल आणि तीन व्होल्ट

हातात धरायच्या नळकांडी विजेरीचे पेटंट डेव्हिड मिसेल या गृहस्थाच्या नावे अमेरिकेत १८९९ मध्ये नोंदले गेले. पुढली शंभर वर्षे तिची रचना जवळजवळ तीच राहिली: जस्ताच्या डब्यात कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडचा काळा लगदा असलेले दोन सेल, एक पितळी पट्टी, एक बटण आणि तारेचा बल्ब. आपल्याकडे हा व्यवहार मुख्यतः ‘एव्हरेडी’च्या नावाने चालला आणि ते नाव दीर्घकाळ युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीकडे होते, १९८४ साली भोपाळ ज्या कारखान्यामुळे होरपळले तो याच कंपनीचा, ही गोष्ट त्या काळी घरोघर उशाशी विजेरी घेऊन झोपणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात आली असेल.

तारेचा बल्ब उधळ्या होता. अडीच व्होल्ट आणि तीन दशांश अँपिअर म्हणजे पाऊण वॅट शक्ती तो घेई आणि तीतली बहुतेक उष्णतेत घालवून जेमतेम दहाएक ल्युमेन प्रकाश हाती देई. अर्ध्या वॅटचा साधा एलईडी त्याच्या तिप्पट-चौपट प्रकाश सहज देतो. परंतु उधळ्या असला तरी बल्ब तक्रारखोर नव्हता. सेल उतरत गेले की तो पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा तांबूस होई, आणि घरी परतायची वेळ झाली हे धन्याला तासभर आधी कळवी. एलईडीचा स्वभाव निराळा. तांबडा एलईडी १९६२ पासून उपलब्ध होता आणि त्याला पावणेदोन-दोन व्होल्ट पुरत. पण पांढरा प्रकाश मिळवायचा तर मुळाशी निळा दिवा लागतो, आणि तो तेजस्वी रूपात जपानच्या निचिया कंपनीत शूजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये सिद्ध करेपर्यंत जगाला थांबावे लागले. या कार्यासाठी नाकामुरांना अकासाकी आणि अमानो या दोन शास्त्रज्ञांसह २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या दिव्यावर पिवळ्या स्फुरक द्रव्याचा लेप दिला की निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरे दिसते. मात्र निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा अधिक, म्हणून त्याच्या दिव्याला व्होल्टही अधिक लागतात, सुमारे तीन. आणि त्याच्या खाली दाब उतरला की प्रवाह एकाएकी आटतो.

येथे दोन सेलांच्या विजेरीची खरी अडचण उभी राहते. कोरे सेल दीड-दीड व्होल्टचे, म्हणजे दोन मिळून तीन, तेव्हा दिवा लागतो खरा. पण प्रत्येक सेल सव्वा व्होल्टपर्यंत उतरला की बेरीज अडीचवर येते आणि एलईडी काजव्याइतका उरतो, जरी सेलांत पुष्कळ शक्ती अजून शिल्लक असते. अशा ‘संपलेल्या’ सेलांची जोडी मी एका जुन्या तारेच्या विजेरीत घालून पाहिली, तर ती खुशाल पेटली आणि बराच वेळ पेटत राहिली. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे मोजले पूर्ण सेलाचे आणि वापरला अर्धामुर्धा.

यावर चांगला कारागीर आत एक चिमुकले मंडल बसवतो, जे उतरत्या सेलांचा दाब उचलून दिव्याला लागेल तितका करून देते. याच युक्तीमुळे एका पेन्सिल सेलवर चालणारी विजेरीही शक्य होते. ती सेलांचा शेवटचा थेंब पिळून घेते, पण तिचा एक दुर्गुण सांगितला पाहिजे: तिचा उजेड बराच काळ एकसारखा राहतो आणि मग फारशी पूर्वसूचना न देता कोसळतो. ज्याला रात्री बांधावर चालायचे आहे त्याने अशी विजेरी घेतली तर खिशात जादा सेल ठेवल्यावाचून घराबाहेर पडू नये.

नऊ दिव्यांच्या नळीत तीन सेल असल्यामुळे व्होल्टची ही टंचाई नाही. तेथे उलट साडेचार व्होल्टांचा अतिरेक आहे. हिशेबाने दिव्यांच्या वाटेत प्रवाहाला आवर घालणारा रोध हवा, पण काही पैशांचा तो तुकडाही पुष्कळदा गाळलेला असतो आणि सारी भिस्त हलक्या सेलांच्या अंगच्या रोधावर ठेवलेली असते. मग एखादा हौशी मालक तिच्यात उत्तम अल्कलाइन सेल घालतो, दिवे निळसर होऊन डोळे दिपवतात आणि काही दिवसांत एकेक करून कायमचे मिटतात. शिवाय आकारमानाचे गणितही पाहावे. एक मोठा सेल तीन बारक्या सेलांच्या एकत्रित आकारमानाच्या पाचपट भरतो. नऊ दिव्यांची नळी खिशात शोभते, किल्ली शोधायला आणि फ्यूज बघायला उपयोगी पडते. तिच्या भरवशावर रात्रभर पाणी भरू नये.

खोक्यावरची मखलाशी

खोक्यावर किती मीटर लिहिले आहे हे पाहून माल घेणारे पुष्कळ. हे मीटर येतात कुठून? अमेरिकेत २००९ मध्ये विजेऱ्यांच्या मोजमापाची एक प्रमाणपद्धती ठरली, तिच्यानुसार झोताचा उजेड पाव लक्स एवढा उरतो तेथपर्यंतचे अंतर म्हणजे त्या विजेरीचा पल्ला. पाव लक्स म्हणजे साधारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेचे चांदणे. तेव्हा ‘शंभर मीटर’ या शब्दांचा प्रामाणिक अर्थ शंभर मीटरवर चांदण्याइतके दिसेल, असा आहे. झुडपाखाली बसलेले जनावर ओळखायचे तर त्याच्या निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्शावर समाधान मानावे. दुप्पट पल्ल्यासाठी झोत चौपट प्रखर लागतो, हा निसर्गाचा नियम कोणताही कारखाना फिरवू शकत नाही. किती तास चालते याचीही मखलाशी अशीच. त्या पद्धतीत आरंभीच्या प्रकाशाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचा काळ मोजतात. म्हणजे ‘वीस तास’ या दाव्यातले शेवटचे काही तास काजळी धरलेल्या कंदिलापेक्षा फारसे वेगळे नसतात. आणि हे सारे प्रामाणिक खोक्याविषयी. फळीवरच्या बहुतेक खोक्यांवर ही कोणतीही पद्धती न पाळता मनाला येईल तो आकडा छापलेला असतो.

लिथियमच्या सेलावरचा आकडा तर निव्वळ कल्पनाविलास असतो. अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब असा जो सेल या विजेऱ्यांत सर्रास येतो, त्यात आजच्या विद्येने साधारण साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास मावतात. फळीवर मात्र नऊ-दहा हजारांची छापील ग्वाही देणारे सेल बिनबोभाट विकले जातात. घरी परीक्षा करायची तर सोन्याच्या दुकानातला काटा पुरतो: अस्सल सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि जो पुष्कळच हलका भरला त्याच्या पोटात काय दडले आहे याची चौकशी न केलेली बरी. याहून सोपी कसोटी कायद्यानेच दिलेली आहे. वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किंमत आणि ग्राहकाने तक्रार कोठे करावी याचा तपशील असलाच पाहिजे. ज्या खोक्यावर कोणाचेच नाव नाही, त्यावरच्या आकड्यांची हमी तरी कोण देणार?

बांधावर

नारायणगावच्या पुढे, कुकडीच्या पाण्यावर पोसलेल्या उसाच्या पट्ट्यात, एका शेतकऱ्याच्या ओट्यावर आम्ही मोटर सुरू व्हायची वाट पाहत बसलो होतो. त्यांना गावात सगळे दादा म्हणतात, मीही तेच म्हटले. पिशवीतून नेलेल्या विजेऱ्या मी मांडल्या, तेव्हा त्यांनी सर्वांत भपकेबाज, काच सरकवायची विजेरी आधी उचलली, समोरच्या आंब्याच्या शेंड्यापर्यंत झोत फेकून ‘लांब जाते खरी’ म्हणून पसंती दर्शवली, आणि बांधावर चार पावले टाकताच ती माझ्या हातात परत दिली. ‘हिचा उजेड नुसता मधी पडतो हो. पाय कुठं टाकतोय ते दिसलं पायजे, आंबा बघून काय करू?’

या एका वाक्यात विजेरीच्या झोताचे दोन भाग कसे तोलावेत हे शास्त्र सामावले होते. मधला प्रखर ठिपका दूरचे दाखवतो, भोवतालचा फिका घेर पायाखालचे दाखवतो. भिंग असलेल्या विजेरीत झोत आवळला की घेर नाहीसा होतो आणि पसरला की ठिपका. खोलगट आरसा बसवलेल्या साध्या विजेरीत दोन्ही एकाच वेळी मिळतात. दादांनी अखेर हातात ठेवली ती दोन मोठ्या सेलांची, दाब उचलणारे मंडल असलेली, सरकत्या बटणाची प्लास्टिकची विजेरी. चिखलाच्या अंगठ्याला सरकते बटण अंधारातही सापडते, शेपटाकडचे दाबायचे बटण शोधावे लागते, हे कारण त्यांनी दिले. आणि ती बगलेत धरता येते, म्हणजे फावड्याला दोन्ही हात मोकळे राहतात, हे मी पाहिले.

या भागात बिबट्याचा वावर असतो. उसात त्याची वीण होते आणि सापडलेल्या, जखमी झालेल्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र चालते, एवढे सांगितले म्हणजे परिस्थितीची कल्पना यावी. मांजरकुळातील प्राण्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा पडदा असतो, आणि तो पडदा चमकलेला दिसायचा तर विजेरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, कानशिलाशी धरावी लागते, कारण तो प्रकाश आला त्याच वाटेने परत जातो. सापासाठी मात्र अगदी उलट. घोणस आणि मण्यार हे दोन्ही रात्री फिरणारे. वाळलेल्या पाचटावर पडलेली घोणस वरून टाकलेल्या झोतात सपाट होऊन पाचटात विरून जाते, तर विजेरी गुडघ्याच्या उंचीवर आडवी धरली म्हणजे तिच्या अंगाची सावली पडते आणि ती उठून दिसते. थंडीत धुके उतरले म्हणजेही विजेरी खालीच धरावी. डोळ्यांजवळ धरलेल्या दिव्याचा प्रकाश धुक्यावरून परतून डोळ्यांपुढे पांढरा पडदा उभा करतो, आणि कपाळावर बांधायचे दिवे येथे फसतात ते याचमुळे. दादा हे सारे न सांगता करीत होते. दर पाच-पंचवीस पावलांनी त्यांचा हात कानशिलाकडे जाई, झोत उसाच्या कडेवरून फिरे आणि पुन्हा खाली येई.

दुसरी गोष्ट मला अधिक शिकवून गेली. ते विजेरी फारशी पेटवीतच नव्हते. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका प्रखर झोताने तो सराव क्षणात मोडतो. म्हणून सरीतले पाणी चांदण्यात चकाकताना दिसत होते तोवर ते चांदण्यावरच काम करीत होते. माझ्या पिशवीतला सर्वांत तेजस्वी नग कुणीतरी मध्येच पेटवला, तेव्हा त्यांनी जो हात डोळ्यांपुढे धरला आणि जो शब्द उच्चारला, तो शब्द संपादक छापणार नाहीत.

(जाता जाता: जांभळा प्रकाश देणाऱ्या अतिनील विजेऱ्याही आता दोन-तीनशे रुपयांत मिळतात. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. कोकणातल्या दगडी गडग्यांच्या घरांनी त्यांची एकदा परीक्षा करावी. पण तो प्रकाश डोळ्यांत घेऊ नये.)

भिंतीत खुपसायची

तिसऱ्या वर्गातल्या विजेरीविषयी माझे मत प्रतिकूल आहे आणि ते सौम्य करण्याचे कारण मला दिसत नाही. तिच्या पोटात चार व्होल्टची शिशाची लहानशी बंदिस्त बॅटरी असते. रोज वापरून रोज भरली तर ती बरी चालते. पण आपल्या घरी ती वीज जाईल तेव्हा लागेल म्हणून महिनोन्महिने कपाटात पडते, आपोआप उतरते, उतरलेल्या अवस्थेत तिच्या पट्ट्यांवर गंधकाम्लाच्या क्षारांचे कठीण स्फटिक धरतात, आणि पहिल्या वादळात वीज गेली की ती नेमकी रुसते. शिवाय यांतल्या पुष्कळ विजेऱ्यांत घरातल्या विजेचा दाब उतरवायला रोहित्र नसून एका कपॅसिटरवर भागवलेले असते. म्हणजे पिना सॉकेटात असताना आतला कोणताही भाग थेट मुख्य विजेशी जोडलेला असतो. तडा गेलेली अशी विजेरी मुलाच्या हातात देणे हा निव्वळ अविचार होय. मी घेतलेल्यांपैकी एकीचा मागचा तुकडा पिनांसकट सॉकेटातच राहिला. कंपनीचे नाव खोक्यावर नव्हतेच.

लिथियमची विजेरी हिच्याहून सर्व बाबतींत सरस. महिनोन्महिने तिचा भार फारसा उतरत नाही, मोबाइलच्याच वायरीवर ती भरते आणि सेल बदलता येणारी घेतली तर वर्षानुवर्षे टिकते. रोज रात्री बांधावर जाणाऱ्याला तिचाच खर्च परवडतो, मग आरंभी अडीचशे का मोजावे लागेनात. तिला उशाशी, गादीवर ठेवून रात्रभर भरायला लावू नये एवढे पथ्य पाळावे. परंतु जी विजेरी वर्षातून चारदाच लागते, ती मी साध्या पेन्सिल सेलांचीच ठेवीन आणि सेल बाहेर काढून शेजारी ठेवीन; कारण सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात, आणि वीज गेल्यावर विजेरी भरायला वीज शोधत हिंडावे लागत नाही.

सेलांचे पुढे काय होते

साध्या सेलात जस्ताचा डबाच इंधन असतो. तो झिजून फुटला की आतला आम्लधर्मी रस बाहेर येतो आणि स्प्रिंग खातो. बिघडलेल्या म्हणून टाकलेल्या विजेऱ्यांपैकी कित्येकींचा दोष एवढाच असतो, आणि खाण्याचा सोडा लावलेल्या ओल्या फडक्याने तो निघतो. अल्कलाइन सेलाचा स्राव उलट जातीचा. तेथे लिंबाचा रस लागतो. नारायणगावच्या बाजारातील एका दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर सोडा आणि लिंबू शेजारी शेजारी ठेवलेले होते, आणि एका म्हातारबांकडून दहा रुपये घेऊन त्याने मृत ठरलेली विजेरी माझ्यादेखत उठवली.

दादांच्या घरी सेलांना दुसरी नोकरीही असते. विजेरीतून उतरलेला पेन्सिल सेल भिंतीवरच्या घड्याळात जातो. घड्याळाचा खर्च नगण्य असल्यामुळे तेथे तो आणखी काही महिने काढतो, आणि वहिनी सांगत होत्या की घड्याळ मागे पडू लागले म्हणजेच सेल खरा संपला असे त्यांच्या घरी धरतात. त्यानंतर मात्र तो उकिरड्यावर जातो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि त्यांत हे छोटे सेलही येतात. मी तपकीर गल्लीतल्या त्याच दुकानदाराला विचारले की, कुणी जुने सेल परत आणून देते का, आणि दिले तर तो ते कोठे ठेवतो. त्याने फळीखालचा पुठ्ठ्याचा खोका पायाने पुढे ओढून दाखवला. त्यात सुतळीची गुंडाळी, तुटलेले होल्डर आणि चहाचे कागदी पेले होते. सेल एकही नव्हता. ‘आजवर तुम्हीच पहिले विचारलंत,’ तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर झोत सोडायला वळला.